गे मित्र आणि लेस्बियन मैत्रीण यांचं आपसातलं लग्न: कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापूरची, लेस्बियन आहे, आणि माझं लग्न माझ्या कॉलेजपासूनच्या गे मित्राशी झालंय. दोघांच्या घरी आमच्याबद्दल माहीत नाही. असं लग्न करावं की नको या विचारात असलेली बरीच पोरं-पोरी आम्हाला तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून सगळं एकत्र लिहितेय. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते कारण खाली ती पुन्हा पुन्हा येणार आहे. या लग्नात दोघांचा फायदा सारखाच असं सगळे धरून चालतात, पण तसं नसतं. सासर मुलीलाच लागतं. त्यामुळं अटी ठरवायला बसाल तेव्हा आधी मुलीच्या बाजूनं बसा.

हे लग्न म्हणजे नक्की काय?

गे मुलगा आणि लेस्बियन मुलगी, दोघांना एकमेकांचं सगळं माहीत आहे, घरच्यांचा लग्नाचा तगादा थांबत नाही, म्हणून दोघं ठरवून एकमेकांशी लग्न करतात. आपल्या लोकांत याला एमओसी, म्हणजे मॅरेज ऑफ कन्व्हिनियन्स (सोयीचं लग्न), म्हणतात. बाहेर नवरा-बायको, घरात मित्र, आणि ज्याचा त्याचा जोडीदार वेगळा.

हे बेकायदेशीर आहे का हो?

नाही. मुलगा २१ चा, मुलगी १८ ची, दोघांची राजीखुशी असली की लग्न होतं, तुमचं एकमेकांवर प्रेम आहे का हे कुठलाच कायदा विचारत नाही. शरीरसंबंध नाहीत म्हणून लग्न आपोआप रद्दही होत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या १२ व्या कलमाखाली लग्न रद्द करून घ्यायला कोर्टात जायचं तर नवरा किंवा बायकोच जाऊ शकते, चुलता किंवा शेजारी नाही. पण याची दुसरी बाजू नीट समजून घ्या, की हे लग्न कागदावर शंभर टक्के खरं असतं. पोटगी, वारसा, घटस्फोट सगळं लागू होतं. आपल्या मनात ते मैत्रीचं आहे हे कोर्टाला दिसत नाही.

३७७ गेलं ना? मग आता कशाला असली लग्नं करायची?

३७७ म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेचं कलम, त्याबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. तेव्हापासून दोन सज्ञान माणसांनी आपल्या मर्जीनं एकत्र येणं गुन्हा नाही, आणि १ जुलै २०२४ ला आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. पण १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच कोर्टानं समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, ते संसदेचं काम आहे म्हणाले. म्हणजे मी माझ्या जोडीदाराबरोबर राहू शकते पण तिच्याशी लग्न करू शकत नाही. आणि घरी काय, पंचवीशी ओलांडली की प्रत्येक बारशात, प्रत्येक वास्तुशांतीला तोच विषय. बायोडाटा कधीच फिरायला लागलेला असतो, मावशीनं स्थळ आणलेलं असतं, पोह्यांचा कार्यक्रम ठरवून मग तुम्हाला फोन येतो की रविवारी सुट्टी काढ. कायदा दिल्लीत बदलला, पण शिवाजी पेठेतल्या माडीवर बसलेल्या आजीपर्यंत तो अजून आलेला नाही, आणि आपल्याला रोज आजीसमोर बसून जेवायचं असतं.

मी गे आहे. घरच्यांनी मुलगी बघितलीय, चांगली आहे. तिला न सांगता लग्न करू का, नंतर बघता येईल?

नको. अजिबात नको. हात जोडून सांगते. त्या मुलीनं नोकरी सोडलेली असेल, गाव सोडलेलं असेल, तिच्या बापानं कर्ज काढून हॉल घेतलेला असेल, आणि रोज रात्री तिला वाटत राहणार की माझ्यातच काहीतरी कमी आहे. मी अशा बायका बघितल्यात. त्या स्वतःला आरशात बघायच्या बंद होतात. वरून दोष तिलाच, सहा महिन्यांत सासू विचारणार, अजून काही गोड बातमी नाही?

कायद्यानंही हे अंगाशी येतं. फसवून संमती घेतली म्हणून ती लग्न रद्द करून मागू शकते, फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. पण कायद्याच्या भीतीनं नको, तिच्यासाठी म्हणून थांबा. दोघांना सगळं माहीत असताना केलेलं लग्न आणि एकाला अंधारात ठेवून केलेलं लग्न, यांना एका नावानं हाक मारूच नका.

असं लग्न करायला माणूस मिळतो कुठं, आणि विश्वास कसा ठेवायचा?

आमचं आधी मैत्री होती म्हणून सोपं गेलं. ऑनलाइन ओळखीतून करणार असाल तर भरपूर वेळ द्या. चार-सहा महिने नुसतं बोला, एकमेकांच्या मित्रांना भेटा, पैशाचे व्यवहार कसे करतो ते बघा, राग आल्यावर कसा वागतो ते बघा. तो त्याच्या आईशी कसा बोलतो ते तर बघाच, कारण पुढं तुमच्या वतीनं त्यालाच आईशी बोलायचंय. जो मुलगा "आईला नाही म्हणता येत नाही गं" असं हसत हसत सांगतो त्याच्याशी करू नका, मग तो कितीही गोड असू दे.

आणि भेटायला पहिल्यांदा कुणाच्या रूमवर जाऊ नका. रंकाळ्यावर भेटा, गर्दीत.

लग्नाआधी काय काय बोलून घ्यायचं? लिहून ठेवलं तर कोर्टात चालतं का?

कोर्टात चालेल या भरवशावर राहू नका, लग्नाआधीचे असले करार आपल्याकडं सहसा टिकत नाहीत. तरी लिहून ठेवा, कारण लिहिताना गोष्टी निघतात. आम्ही वहीत लिहिलं. कुठं राहायचं, कुणाच्या घरी किती दिवस, पगारातले किती रुपये एकत्र टाकायचे, मूल हवं का, आपापल्या जोडीदारानं घरी यायचं का आणि कधी, दोघांपैकी एकाला बाहेरगावी नोकरी मिळाली तर काय, एकाला घरी सांगून मोकळं व्हायचं असेल आणि दुसऱ्याला नको असेल तर काय. हा शेवटचा मुद्दा सगळे टाळतात आणि भांडणं नेमकी त्यावरच होतात. एकानं सांगितलं की दुसऱ्याचं आपोआप उघडं पडतं. आमच्यात ठरलंय की कुणीही सांगायच्या आधी दुसऱ्याला पुरेसा वेळ द्यायचा, आणि दुसऱ्याचं नाव आपण घ्यायचं नाही.

वही घरात ठेवू नका. आमची माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असते.

जात आडवी आली तर?

येते. आपल्यातली माणसं आधीच थोडी, त्यात पटणारं एखादंच, ते नेमकं जातीतलं निघेल असं कुठं असतं. शाहू महाराजांच्या संस्थानात १९१९ साली आंतरजातीय लग्नाला कायद्यानं मान्यता होती, आणि त्याच गावात आज बायोडाट्यावर पहिली ओळ जातीची आणि ९६ कुळीची असते. जिथं घरचे जातीबाहेर तयार होतात तिथं "लव्ह मॅरेज आहे" म्हणून सांगता येतं, आणि खरं तर त्यानं बरंच सोपं होतं, पुढं प्रश्न कमी येतात. जिथं जिवाला धोका आहे असं वाटतंय तिथं हा मार्ग धरूच नका. एका दडपणातून सुटायला दुसरं ओढवून घेण्यात अर्थ नाही.

कोर्ट मॅरेज करावं का हॉलमध्ये?

विशेष विवाह कायद्याखाली केलं तर ३० दिवसांची नोटीस लागते आणि ती ऑफिसात लावतात, ओळखीचं कुणी ना कुणी वाचतंच. घरच्यांची संमती असेल तर त्यात अडचण काही नाही. बहुतेक जण हॉलमध्ये विधी करून मग नोंदणी करतात. नोंदणी मात्र नक्की करा, पासपोर्ट, बँक, विमा सगळीकडं कामाला येते.

खर्च कुणी करायचा?

निम्मा-निम्मा, आणि लहानसं करा. मुलीच्या बापाला मानपान, बस्ता, पाचशे पानं यात घालू नका. हुंडा तर कुठल्याच लग्नात नको, आणि ज्या लग्नाचं खरं कारण बापाला माहीतच नाही त्या लग्नासाठी त्याची एफडी मोडायला लावणं मला बघवत नाही. हे मुलानं त्याच्या घरी ठणकावून सांगायचं असतं.

सासरचं कसं जमवायचं?

याच्यावर मला सगळ्यात जास्त लिहायचंय. लग्न झालं की मुलगा सुटतो. त्याचा तगादा संपला, तो जसा होता तसा राहतो, त्याच घरात, त्याच मित्रांत, कट्ट्यावर. मुलीला मात्र एक नवीन घर, नवीन आई, नवीन नणंद, आणि एक अख्खं कॅलेंडर मिळतं. लग्नानंतर जोडीनं जोतिबाला जायचं, अंबाबाईची ओटी भरायची, जागरण-गोंधळ, पहिली पंचमी, पहिली संक्रांत, हळदीकुंकू. प्रत्येक ठिकाणी नाव घ्यायला लावतात. मला त्याचं नाव घ्यायला वाईट वाटत नाही, तो माझा जिवलग आहे, पण उखाणा संपल्यावर बायका जशा बघतात तेव्हा पोटात खड्डा पडतो.

वटपौर्णिमेला सासूबाईंबरोबर वडाला जाते. दोरा गुंडाळताना मी त्याच्यासाठी मनापासून मागते, की त्याची तब्येत बरी राहू दे, त्याला त्याचा माणूस लाभू दे. त्यात काही खोटं नाही. पण घरी आल्यावर मी थकलेली असते आणि त्याला मात्र त्या दिवशी काहीच करायचं नसतं, म्हणून आमच्यात ठरलंय की सणाच्या दिवशी संध्याकाळचा स्वयंपाक आणि पाहुण्यांची भांडी त्याची. सासूबाई सुरुवातीला बोलल्या, आता नाही बोलत.

गौरीच्या आदल्या दिवशी सासूबाई गडहिंग्लजहून येतात. त्याच्या खोलीतली उशी, चादर, चार्जर, चष्म्याची डबी माझ्या खोलीत आणायची. कपाटातला एक कप्पा रिकामा करून त्याचे शर्ट घड्या घालून ठेवायचे. दोन्ही ब्रश एका ग्लासात. दारातली माझ्या जोडीदाराची चप्पल उचलायची. एका वर्षी बेसिनजवळ तिची केसाची मोठी क्लिप राहिली, सासूबाईंनी उचलून विचारलं, ही कुणाची? माझे केस बारीक कापलेले, मी क्लिप लावतच नाही. मैत्रीण राहायला आली होती म्हणाले. त्यांनी ती धुवून खिडकीत ठेवली आणि म्हणाल्या, दे बाई तिला आठवणीनं, चांगली आहे. या बाईला मी फसवतेय हे मला टोचतं आणि टोचायलाच पाहिजे, त्या खरंच माझ्यावर माया करतात.

मुलांनो, तुम्ही हे वाचत असाल तर तुमच्या आईला आवरणं हे तुमचं काम आहे. "तूच समजावून सांग ना तिला" असं बायकोला म्हणायचं नाही.

एकत्र कुटुंबात, वाड्यात राहून हे निभतं का?

कठीण. दोन खोल्या, दाराला कडी नाही, चुलत्यांचं येणंजाणं, असं असेल तर श्वास घ्यायला जागा राहत नाही. शक्य असेल तर वेगळा फ्लॅट बघा, उचगाव, कळंबा, बावडा कुठंही, पण दोन बेडरूमचा. बरेच जण पुण्याला नोकरी बघतात आणि महिन्यातून एकदा येतात, तो मार्ग खरंच बरा.

रात्रीचं काय? त्यानं उद्या मन बदललं तर?

हा प्रश्न मुली दबक्या आवाजात विचारतात. गे आहे म्हणून सुरक्षित असं धरू नका, मूल व्हावं म्हणून घरचं दडपण आलं की माणसं बदलतात. आणि कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमात अपवाद आहे, बायको १८ च्या वर असेल तर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती बलात्कारात धरत नाहीत. म्हणजे लग्न केल्यावर तुमचं ते संरक्षण जातं. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा मात्र आहे, त्यात लैंगिक छळही येतो. म्हणून माहेरची एक चावी, स्वतःचं बँक खातं आणि सगळं माहीत असलेलं एक माणूस, एवढं हाताशी ठेवूनच लग्नाला उभ्या राहा.

माझ्या गर्लफ्रेंडचं काय?

तिला आधी विचारलंय का? लग्न तुम्हा दोघांचं, पण ओझं चौघांवर येतं. माझी जोडीदार माझ्या लग्नात आली होती, करवली म्हणून माझ्या मागं उभी होती, आणि फोटोग्राफर तिला सारखा म्हणत होता, ताई जरा बाजूला व्हा. तो फोटो ती अजून बघत नाही. आता सणाला मी सासरी असते आणि ती तिच्या खोलीवर एकटी. आजारी पडले की दवाखान्यात सही नवऱ्याची. तिच्या आईला तर अजून वाटतं की मैत्रिणीचं लग्न झालं, आता हिचं कधी. म्हणजे माझा तगादा संपला आणि तिचा दुप्पट झाला.

आम्ही ठरवून ठेवलंय की पाडवा तिचा. त्या दिवशी कुणाच्या घरी काहीही असू दे. ती नाही म्हणाली असती तर मी हे लग्न केलं नसतं, आणि तुमची नाही म्हणत असेल तर तुम्हीही करू नका. "थोडी वर्षं सांभाळून घे" असं सांगून तिला थांबवून ठेवू नका.

मूल?

पहिल्या वर्षापासून विचारतात. दोघांना हवं असेल तर आययूआयनं, म्हणजे क्लिनिकमध्ये वीर्य थेट गर्भाशयात सोडून, होतं, नवरा-बायको म्हणून क्लिनिकमध्ये गेलात की कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. त्याआधी दोघांनी एचआयव्ही आणि बाकीच्या तपासण्या करा, सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एचआयव्हीची तपासणी फुकट आणि गुप्त असते. दत्तक घ्यायचं तर जोडप्याच्या लग्नाला दोन वर्षं झालेली असावी लागतात.

पण तगाद्याला उत्तर म्हणून मूल करू नका. घटस्फोटानं तुम्ही वेगळे व्हाल, आई-बाप म्हणून कधीच होणार नाही. आणि त्या मुलाला रोज भरवणारी, शाळेत सोडणारी तुमची जोडीदार कायद्याच्या लेखी त्याची कुणीही नसेल. चौघांनी एकत्र बसून बोलल्याशिवाय हे पाऊल नको. आम्ही नाही म्हणून ठरवलंय, आणि घरी "डॉक्टरांचं चालू आहे" एवढंच सांगतो. दोष कुणाचा ते सांगत नाही. विचारलंच तर तो म्हणतो माझ्यात आहे. हे त्यानं आपणहून घेतलं, आणि या एका गोष्टीसाठी मी त्याला जन्मभर मानेन.

पैसे, घर, वारसा?

खाती वेगळी, घरखर्चाचं एक जॉइंट. कर्जावर दोघांची नावं घालायच्या आधी दहादा विचार करा.

मृत्युपत्र करा, वय काहीही असू दे. हिंदू बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिनं कमावलेलं मुलाबाळांना आणि नवऱ्याला जातं, मूल आणि नवरा दोन्ही नसतील तर नवऱ्याच्या वारसांना, आणि त्यांच्यानंतर आईबापांचा नंबर. जोडीदाराचं तर नावच नाही. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर केलेलं मृत्युपत्र चालतं, ज्याला मिळणार तो साक्षीदार नको. नॉमिनी लावला म्हणजे झालं असं नाही, नॉमिनी मालक होत नाही. समलिंगी जोडीदाराबरोबर बँकेत जॉइंट खातं उघडायला आणि त्याला नॉमिनी करायला बंदी नाही, हे अर्थ मंत्रालयानं २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलंय. कुणी काउंटरवर नाही म्हणालं तर ही तारीख सांगा.

नाही जमलं तर सुटायचं कसं?

दोघांच्या सहमतीनं घटस्फोट, हिंदू विवाह कायद्याचं कलम १३ ब. त्यासाठी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, अर्ज केल्यावर आणखी सहा महिने थांबायचं, हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं असं सुप्रीम कोर्टानं २०१७ ला सांगितलंय. कारण उघड करावं लागत नाही, पटत नाही एवढं पुरतं. वकील आधीच बघून ठेवा. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंचही कोल्हापुरातच बसतं, त्यामुळं अपिलापर्यंत गेलं तरी मुंबईच्या खेपा नाहीत. आणि घटस्फोटित हा शिक्का मुलालाही लागतो पण मुलीला जास्त चिकटतो, हे मुलानं अटी ठरवतानाच मान्य केलेलं असू दे.

कुणी ब्लॅकमेल करत असेल तर?

पैसे देऊ नका, एकदा दिले की थांबत नाहीत. स्क्रीनशॉट ठेवा. तुम्ही गे असणं गुन्हा नाही, तो जे करतोय तो खंडणीचा गुन्हा आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन.

घरच्यांनी डॉक्टरकडं नेऊन "बरं" करायचं ठरवलं तर?

हा आजार नाही. असले उपचार करणं डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये सांगितलंय. गोळ्या, शॉक, बाबा, अंगारा, कशालाच हो म्हणू नका.

लग्नच न करता राहता येत नाही का?

येतं. आणि तुमच्या अंगात तेवढं बळ असेल, हातात नोकरी असेल, घरात एक तरी माणूस बाजूचं असेल तर मी म्हणेन तेच करा. पस्तिशीनंतर तगादा खरंच कमी होतो, लोक कंटाळतात. बहिणीला किंवा वहिनीला सांगून बघा, पुष्कळ घरांत तीच पहिली समजून घेते. मी हे लग्न केलं कारण माझ्या वडिलांची तब्येत आणि माझी हिंमत दोन्ही तेव्हा तोळामासा होत्या. ज्यांना गरज नाही त्यांनी ही वाट धरू नये असं मला मनापासून वाटतं.

बोलायला कुणी नाही. कुठं जाऊ?

जीव नकोसा वाटत असेल तर आत्ताच टेलिमानस, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. मुलींसाठी १८१. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, बाईला तिथं कमाई न बघता फुकट वकील मिळतो, फोन १५१००. एचआयव्हीबद्दल काही विचारायचं असेल तर १०९७. मुंबईत हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात समपथिक ट्रस्ट या जुन्या संस्था आहेत. तपासणीसाठी सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, गेलं तर कुणीतरी ओळखेल अशी भीती असेल तर मिरजेच्या सरकारी दवाखान्यात जा, सकाळी गेलं की दुपारपर्यंत घरी परत येता.